खेळण्याच्या गळ्यातील चिठ्ठी

ज्या घराची तीन-चार वर्षांनी एकदा बदली व्हावयाची, त्या घरात सामानाची यादी हा जणू एक नित्यपाठच असतो. भांडीकुंडी, अंथरुणे, पुस्तके आणि देव यांची व्यवस्था लागल्यावर शेवटी खेळण्यांची पाळी येते. आणि तेथे वडीलधारी माणसे व मुले यांच्यात जो तह व्हावयाचा, त्यात मुलांची बाजू बहुधा दुबळी ठरते. मोडका घोडा मागे राहतो, बाहुली कपड्यांच्या गठ्ठ्यात शिरते, गोट्यांचा डबा शेजारच्या मुलाला मिळतो. दिल्ली, कोलकाता, चेन्नई, गुवाहाटी अशा ठिकाणी नोकरीच्या निमित्ताने वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नव्याने सांगावयास नको. तेव्हा ज्या खेळण्याचे घर, पैसाअडका आणि सवंगडी हे पेटीत भरावे लागत नाहीत, गाव बदलले तरी जे जागच्या जागी राहतात, असे खेळणे आपल्या मुलांसाठीच निर्माण झाले असावे, असे कोणासही वाटेल. असे खेळणे जगात निर्माण झाले, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्याचा इतिहास लहानसा आहे. पण तो आईबापांनी लक्षपूर्वक पाहावा असा आहे. तोच येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

बालकांच्या खेळात दोन प्रवृत्ती फार जुन्या आहेत. एक संग्रहाची, दुसरी संसाराची. गोट्या, शंख, काड्यापेटीवरची चित्रे, नाणी, पिसे यांचा साठा करावा, मोजावा, त्यातील जोड्या बदलाव्यात, ही पहिली. बाहुलीला न्हाऊ घालावे, भातुकलीत स्वयंपाक मांडावा, आजारी पडलेल्या ठकीला औषध पाजावे, ही दुसरी. व्यापाराचे लक्ष प्रथम पहिल्या प्रवृत्तीकडे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत व इंग्लंडात सिगारेटच्या पाकिटाला ताठरपणा यावा म्हणून जो पुठ्ठ्याचा तुकडा घालीत, त्यावर चित्रांच्या मालिका छापण्याची कल्पना निघाली आणि वडिलांनी ओढलेल्या सिगारेटींवर मुलांचे संग्रह पोसले जाऊ लागले. आपल्याकडे बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातून निघणारी प्लॅस्टिकची चिमुकली जनावरे एका पिढीच्या स्मरणात आहेत. वस्तू निराळीच विकावयाची आणि संग्रहाची ओढ तिच्या कामी लावावयाची, एवढेच त्यामागील तत्त्व होते.

पुढे वस्तू आणि संग्रह ही एकच झाली. १९९३ साली अमेरिकेतील टाय वॉर्नर या व्यापाऱ्याने 'बीनी बेबीज' नावाची लहान कापडी जनावरे बाजारात आणली. आत प्लॅस्टिकचे दाणे भरलेले, किंमत पाच डॉलरांच्या आसपास, आणि कानाला हृदयाच्या आकाराची एक लाल चिठ्ठी. वॉर्नरची युक्ती खेळण्यात नव्हती, ती पुरवठ्यात होती. ठरावीक काळाने एखादे जनावर 'निवृत्त' झाल्याचे जाहीर होई आणि त्याची किंमत एकदम वर चढे. निवृत्ती हा शब्द आपल्या परिचयाचा असला, तरी निवृत्त होताच कोणाचे मोल वाढल्याचे आपण सहसा पाहत नाही; येथे मात्र तसे झाले. मोठी माणसे मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून ही जनावरे साठवू लागली. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणाऱ्या एका दांपत्याने आपला संग्रह न्यायाधीशांसमोर जमिनीवर मांडून एकेक जनावर उचलत वाटून घेतले. त्यानंतर अल्पावधीतच हा फुगा फुटला आणि पेट्या भरून ठेवलेल्या त्या जनावरांना गिऱ्हाईक उरले नाही.

दुसऱ्या प्रवृत्तीचा, म्हणजे संसाराच्या खेळाचा, व्यापार जपानमध्ये सुरू झाला. नोव्हेंबर १९९६ मध्ये बांदाई या कंपनीने 'तामागोची' विक्रीस काढले. अंड्याच्या आकाराचे, तीन गुंड्यांचे हे यंत्र. त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक प्राणी जन्म घेई. त्याला खाऊ घालावे, स्वच्छ करावे, निजवावे लागे. हेळसांड झाली तर तो मरे. अकी माइता आणि अकिहिरो योकोई ही त्याच्या जनकांची नावे. १९९७ साली या दोघांना अर्थशास्त्राचा 'इग नोबेल' हा विनोदी पुरस्कार मिळाला. कल्पित प्राण्यांच्या पशुपालनात माणसांचे लक्षावधी तास खर्ची घातल्याबद्दल! पण विनोद बाजूस ठेवला तर त्या यंत्राने एक नवीच गोष्ट घडवून आणली होती. भातुकलीतील बाहुली मुलाची वाट पाहते. मूल जेवावयास गेले की बाहुलीही थांबते. तामागोची थांबत नसे. खेळण्याला स्वतःचे घड्याळ प्राप्त झाले आणि मुलाला त्या घड्याळाबरहुकूम हजेरी देणे भाग पडले. अनेक देशांतील शाळांना ही यंत्रे वर्गात आणण्यास मनाई करावी लागली, ती याच कारणाने.

१९९९ साली इंग्लंडमध्ये ॲडम पॉवेल आणि डॉना विल्यम्स या दोघांनी 'निओपेट्स' ही प्राणी पाळण्याची नगरी आंतरजालावर वसवली. येथे यंत्र विकत घ्यावे लागत नसे. नाव नोंदवले की प्राणी मिळे. मग खर्च कसा भागावयाचा? तर प्रायोजकांच्या वस्तू त्या नगरीतील खेळांत व दुकानांतच मांडून. जाहिरात भिंतीवर नव्हती, ती खेळाच्या पोटात होती. २००५ साली व्हायकॉम या प्रसारण कंपनीने ही नगरी १६ कोटी डॉलरांना विकत घेतली. मुलांच्या फावल्या वेळाला केवढी किंमत आहे, हे त्या आकड्याने मोठ्या माणसांच्या ध्यानात आणून दिले.

आता या दोन प्रवाहांचा संगम पाहू. कॅनडातील टोरांटो येथे १९५० साली स्थापन झालेली 'गँझ' ही खेळणी व भेटवस्तूंची कौटुंबिक पेढी. तिने एप्रिल २००५ मध्ये 'वेबकिंझ' नावाची मऊ कापडी जनावरे विक्रीस आणली. दिसण्यात ती इतर शेकडो जनावरांसारखीच होती. किंमत बारा-पंधरा डॉलर. भेद होता तो गळ्यातील चिठ्ठीत. तिच्या आत एक गुप्त संकेतशब्द छापलेला असे. तो आंतरजालावरील 'वेबकिंझ वर्ल्ड'मध्ये भरला की हातातल्या कुत्र्याचे किंवा पाणघोड्याचे प्रतिरूप तेथे अवतरे. दत्तकविधान होई, जनावराला नाव मिळे, राहावयास एक खोली मिळे आणि खर्चास थोडे 'किंझकॅश' मिळे.

आमच्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाला त्या नगरीची व्यवस्था पाहून थोडे कौतुकच वाटते. तेथे नोकरीचे कार्यालय होते. मूल आठ तासांतून एकदा तेथे जाऊन काम मागू शके. प्रश्नोत्तरांचा एक कोपरा होता. वयाच्या मानाने घातलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली की पैसे मिळत. त्या पैशांतून खोलीसाठी पलंग घ्यावा, बाग करावी, जनावराला खाऊ आणावा. जनावर आजारी पडले तर डॉक्टर क्वॅक नावाचे एक बदक औषध सांगे. तामागोचीहून येथे एक दयेची गोष्ट अशी की, जनावर रुसे, भुकेजे, आजारी पडे, परंतु मरत नसे. मुलांनी परस्परांशी बोलावयाचे तेही कंपनीने आधीच ठरवून दिलेल्या वाक्यांतून. याहून मोकळे बोलावयाचे तर आईबापांची संमती लागे. अनोळखी माणसाच्या गैरवर्तनाची भीती ज्या पालकांना वाटे, त्यांना हा बंदोबस्त फार पटला. काटकसर, जबाबदारी, नियमितपणा हे गुण मुलाच्या अंगी यावेत म्हणून आपण जो उपदेश करतो, तो येथे खेळाच्या रूपाने होत होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेबकिंझची जनावरे उत्तर अमेरिकेत घरोघर गेली ती काही केवळ जाहिरातीच्या बळावर नव्हे.

परंतु त्या चिठ्ठीत आणखी एक कलम होते. प्रारंभीच्या काळात एका जनावराच्या खरेदीने नगरीतील वास्तव्य एक वर्षापुरतेच मिळे. वर्ष संपण्यापूर्वी दुसरे जनावर घेतले तर वास्तव्य पुढे चालू राही; न घेतले तर खोली, बाग, साठवलेले किंझकॅश आणि ते प्रतिरूप, सारेच मुलाच्या हातून जाई. कापडी कुत्रा बिछान्यावर तसाच असे. त्याचा संसार मात्र गेलेला असे. संग्रहाची हाव आणि संसाराची माया यांची गाठ येथे पक्की बसली. बीनी बेबीजच्या व्यापाऱ्याला मुलाच्या मनात नव्या जनावराची इच्छा उत्पन्न करावी लागे. वेबकिंझच्या व्यापाऱ्याला जुन्या जनावराच्या वियोगाचे भय पुरेसे होते. इच्छेला आईबाप 'पुढच्या महिन्यात पाहू' असे म्हणू शकतात. भयाला तसे उत्तर देता येत नाही, कारण मुदत ठरलेली असते. पालक या नात्याने आमचा मुख्य आक्षेप याच कलमाला आहे. पुढे कंपनीने विनामूल्य वास्तव्याची सोय केली, हे न्यायाच्या दृष्टीने येथे नमूद केले पाहिजे.

जाहिरातीही पाठोपाठ आल्याच. २००७ साली या नगरीत नव्या चित्रपटांच्या जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा मुलांचे बालपण बाजारापासून मुक्त राहावे यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेने जाहीर निषेध केला. तिचे म्हणणे सरळ होते: पालकांनी खेळण्याची किंमत एकदा मोजली आहे, मग त्याच मुलाचे लक्ष दुसऱ्यांदा विकण्याचा अधिकार कोणी दिला? इंग्लंडमध्येही हाच प्रश्न निघाला. लंडनच्या माइंड कँडी या कंपनीने २००८ साली काढलेली 'मोशी मॉन्स्टर्स' ही राक्षसांची नगरी अशीच लोकप्रिय झाली होती; तिची खेळणी, पुस्तके, पत्ते सर्वत्र विकले जात. २०१५ साली तेथील जाहिरात-नियामक संस्थेने असा निर्णय दिला की, या नगरीतील काही मजकूर मुलांना सभासदत्व विकत घेण्यास थेट उद्युक्त करतो आणि तो नियमबाह्य आहे. लहान मुलाला आज्ञार्थी क्रियापद वापरून 'विकत घे' म्हणू नये, एवढीच त्या निर्णयाची मागणी. पण तीही मुद्दाम करावी लागली.

याच काळातील दुसरी मोठी नगरी 'क्लब पेंग्विन'. तीही कॅनडाचीच, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील केलोना या गावी ती ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाली. मुलाने पेंग्विन व्हावे, बर्फाच्या घरात राहावे, खेळून नाणी मिळवावीत. नाणी मिळवणे सर्वांना मोकळे होते. पण त्या नाण्यांनी कपडे व घरातील सामान घेणे बहुतांशी मासिक वर्गणी भरणाऱ्यांनाच शक्य होते. एकाच बर्फावर दोन वर्ग पडले आणि कोण कोणत्या वर्गातला हे पोशाखावरून ओळखू येई. २००७ साली डिस्नेने ही नगरी ३५ कोटी डॉलर रोख देऊन घेतली. मग कापडी पेंग्विन दुकानांत आले आणि त्यांच्याबरोबर संकेतशब्दाच्या चिठ्ठ्याही आल्या.

२०११ साली तिसरा प्रकार निघाला. ॲक्टिव्हिजन कंपनीच्या 'स्कायलँडर्स'मध्ये प्लॅस्टिकची बाहुली एका चकाकणाऱ्या चौथऱ्यावर ठेवली की ती दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जिवंत होई. बाहुलीच्या बैठकीत एक सूक्ष्म चिप असे आणि खेळात तिने मिळवलेले बळ त्या चिपेतच नोंदले जाई. म्हणून मूल आपली बाहुली खिशात घालून मित्राच्या घरी नेऊ शके आणि तेथेही तिचा पराक्रम तिच्याबरोबर जाई. हा भेद वरवर तांत्रिक वाटेल, पण आमच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. वेबकिंझची स्मृती कंपनीच्या यंत्रात होती. स्कायलँडर्सची स्मृती बरीचशी मुलाच्या खिशात होती. डिस्नेने २०१३ साली आणि लेगोने २०१५ साली याच धर्तीचे खेळ काढले. नव्या बाहुलीवाचून खेळाचे काही भाग उघडत नसत, हा दोष मात्र या सर्वांत होता, आणि घरातील फळी भरू लागली तसे पालकांचे खिसे रिकामे झाले.

यानंतरचा इतिहास अस्ताचा आहे. डिस्नेने आपला बाहुल्यांचा खेळ मे २०१६ मध्ये बंद करण्याचे जाहीर केले. लेगोचा २०१७ मध्ये थांबला. त्याच वर्षी मार्चअखेर क्लब पेंग्विन मिटली. त्या नगरीत एक हिमखंड होता. पुरेसे पेंग्विन त्यावर जमून खोदू लागले तर तो कलंडेल, अशी दंतकथा मुलांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली होती. शेवटच्या समारंभात कंपनीने तो खरोखरच कलंडू दिला. त्या वेळेपर्यंत पहिली मुले महाविद्यालयात पोचली होती; त्यांतील पुष्कळशी निरोप घ्यावयास परत आली. मोशी मॉन्स्टर्स डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. अशा बहुतेक नगऱ्या 'फ्लॅश' नावाच्या ज्या तंत्रावर उभ्या होत्या, त्याचा आधार त्याच्या निर्मात्यांनी ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला आणि उरलेल्यांचा पायाच खचला. वेबकिंझने मात्र नव्या तंत्राचा आश्रय करून तग धरला. पण २०१९ साली तिनेही दीर्घकाळ न उघडलेली खाती काढून टाकण्याचा मनोदय प्रसिद्ध केला, तेव्हा वयात आलेली कितीतरी माणसे जुना संकेतशब्द आठवीत आपल्या लहानपणच्या कुत्र्यामांजरांना शोधू लागली. एप्रिल २०२० मध्ये या नगरीतील सुमारे २ कोटी ३० लाख खात्यांची नावे व सांकेतिक रूपातील परवलीचे शब्द चोरीस गेल्याचे उघडकीस आले. मुलाचा खेळ ही एक नोंदवही असते आणि ती कोणाच्यातरी कपाटात असते, हे यावरून दिसले.

येथे आपल्या घरच्या एका खेळाची तुलना सुचते. दिवाळीत मराठी मूल मातीचा किल्ला करते. शिवाजी महाराज, मावळे, तोफा, वाघ अशी चित्रे दर वर्षी डब्यातून बाहेर निघतात आणि एखाददुसरे नवे विकत आणले जाते. उतरणीवर हळीव पेरून हिरवळ उगवतात. परप्रांतातील सरकारी वसाहतींतही सज्जाच्या कोपऱ्यात हा किल्ला उभा राहतो आणि शेजारची पंजाबी वा बंगाली मुले विटा आणून देतात. संग्रहाची बाहुली आणि तिच्यासाठी रचलेले जग ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही, हे सांगावयाचे. भेद इतकाच की, किल्ल्याचे जग मूल स्वतः रचते, त्याचे नियम स्वतः ठरवते आणि दिवाळी सरल्यावर स्वतःच्या हाताने मोडते. मोडताना त्याला दुःख होत नाही, कारण पुढच्या वर्षीचा किल्ला त्याच्या बोटांत शिल्लक असतो. क्लब पेंग्विन मोडली ती एका कंपनीच्या ठरावाने. मुलांना केवळ तारीख कळविण्यात आली.

आपण सरकारी निवासात राहणारी माणसे. भिंती आपल्या नव्हेत, हे आपल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, म्हणून आपण खिळाही विचार करून ठोकतो. मुलाला मात्र त्या दूरच्या नगरीतील खोली आपलीच वाटते. कापडी जनावर त्याच्या मालकीचे असते. खोली भाड्याची असते. आणि भाडेपत्र वाचण्याचे त्याचे वय नसते. ते वाचणे हे आईबापांचे काम आहे. बदलीने सवंगडी तुटलेल्या मुलाला अशी नगरी आधार देते, हे आम्ही मान्य करतो. नव्या गावी, अनोळखी भाषेच्या शाळेत पहिले काही महिने ज्याला कोणी बोलावीत नाही, त्याला रोज संध्याकाळी ओळखीचे दार उघडे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच ते दार कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आपल्या घरांत इतरांहून अधिक जिव्हाळ्याचा आहे.

कायद्याने या प्रश्नाचा एक भाग हाती घेतला आहे. अमेरिकेत १९९८ साली झालेला व एप्रिल २००० पासून अमलात आलेला कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास बंदी करतो. आपल्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या अधिनियमात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले असून, पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. माहितीचे रक्षण यामुळे होईल अशी आशा करू. परंतु मुलाची माया हा विषय कोणत्याही अधिनियमाच्या अनुसूचीत बसणारा नाही.

आणि हा विषय केवळ गतकाळाचा नाही. २००६ साली सुरू झालेल्या रोब्लॉक्स या नगरीची खेळणी २०१७ पासून संकेतशब्दाच्या चिठ्ठीसह विकली जात आहेत आणि ती नगरी आपल्याही घरांतील मुलांना ठाऊक आहे. तेव्हा सरसकट बंदी घालून काही साधेल असे आम्हाला वाटत नाही. भातुकली खेळणाऱ्या मुलीला ज्या ओढीने आपण कौतुकाने पाहतो, तीच ओढ येथेही आहे. दोष ओढीचा नव्हे. खेळणे घरात घेण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात, इतकेच आमचे सांगणे. एक, या खेळाची स्मृती कोठे साठते, आपल्याकडे की परक्याकडे? दोन, मूल चार दिवस आजारी पडले किंवा प्रवासात राहिले तर खेळ त्याला काय शिक्षा करतो? तीन, वास्तव्याची मुदत किती आणि ती संपल्यावर मुलाच्या हाती काय उरते? उत्तरे मिळाली की ती मुलालाही त्याला समजेल अशा भाषेत सांगावीत. खेळ एक दिवस बंद होणार, हे ज्याला आधी ठाऊक आहे, ते मूल त्यात कमी रमते असे नाही. किल्ला करणाऱ्या कोणत्याही मुलाकडे पाहिले म्हणजे याची खात्री पटेल.

पुढच्या बदलीच्या वेळी सामानाची यादी करताना कापडी कुत्रा पेटीत अवश्य घालावा. त्याच्या गळ्यातील चिठ्ठीवर आता काही उघडत असो वा नसो, नव्या गावी पहिल्या रात्री त्याच्या उशाला झोपणारे मूल आपल्याच घरात असणार आहे.